पातळीबाई

बायकोचं कौतुक चारचौघांत करू नये, केलं तर ती डोक्यावर बसते, असं माझे थोरले बंधू सांगतात. त्यांनी जन्मात कधी केलं नाही आणि वहिनी तरीही डोक्यावरच बसल्या, त्यामुळे त्यांचा सल्ला मी फारसा मनावर घेत नाही. मी फरशीवाला. तीस वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायाखालची जमीन सरळ करतोय. माझी बायको हॉस्पिटलात मेंदूच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिच्याबद्दल मला जे सांगायचंय ते मी सांगणार आहे, आणि अभिमानानं सांगणार आहे. कुणाला खुपलं तर खुपो.

वॉर्डात तिला ‘पातळीबाई’ म्हणतात. आधी आया म्हणायच्या, तिच्या पाठीमागे. मग नव्या सिस्टर म्हणायला लागल्या. शेवटी मोठे डॉक्टरही राउंडला आले की विचारायचे, “पातळीबाई आहेत ना ड्यूटीवर? मग ठीक आहे.” हे नाव तिला कसं पडलं ते सांगायचं तर आधी डोक्यातल्या पाण्याबद्दल सांगावं लागेल.

डोक्यात मेंदू असतो आणि काहींच्या बाबतीत भुसा असतो, एवढंच मला लग्नापर्यंत ठाऊक होतं. पाणी असतं हे तिनं सांगितलं. आम्ही जेवत होतो. मी म्हटलं, “पाणी? म्हणजे पिण्याचं?”

“पिण्याचं कसं असेल? मेंदूचं स्वतःचं पाणी. अगदी नितळ असतं. मेंदू त्यात तरंगतो, म्हणून त्याला धक्का लागत नाही. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये ते तयार होतं, एका अरुंद वाटेनं बाहेर पडतं, मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्याभोवती फिरतं आणि शेवटी वर कवटीखाली रक्तात जिरून जातं.”

“किती तयार होतं?”

“दिवसाला अर्धा लिटर. पण एका वेळी आत असतं जेमतेम कपभर. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं.”

मी जेवायचा थांबलो. पाण्याचा विषय निघाला की मला राहवत नाही. “आणि वाट तुंबली तर?”

“तर पाणी आत साठतं, दाब वाढतो आणि कवटी काही फुगत नाही. मेंदू दाबला जातो. माणूस आधी डोकं दुखतं म्हणतो, मग ओकतो, मग झोपाळतो, मग हाकेला ओ देत नाही.”

“अगं मग वरचा नळ बंद करायचा!”

“तो बंद होत नाही,” ती म्हणाली. “तीच तर गोष्ट आहे. नळ चालूच राहणार. आपण फक्त सांडपाण्याची वाट काढून द्यायची.”

“म्हणजे डोक्यात मोरीच की!”

यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, “मोरी म्हणालात ते तसं चूक नव्हतं.” आमच्या घरात माफी ही अशी मागतात.

तर ही वाट कशी काढतात? डोक्यात रक्तस्राव झाला, गाठ आली, की आतली वाट तुंबते. मग डॉक्टर कवटीला बारीक भोक पाडून आतल्या पोकळीत एक मऊ नळी सोडतात. ती नळी खाटेशेजारच्या स्टँडवर टांगलेल्या एका पारदर्शक नळकांड्याला जोडलेली असते. त्यात पाणी थेंब थेंब पडतं. सगळी खुबी आहे ती हे नळकांडं किती उंचीवर टांगायचं यात. कानाच्या भोकापुढे जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या पातळीला शून्य धरायचं. तिथून डॉक्टर सांगतील तेवढं वर. दहा म्हणाले तर दहा सेंटीमीटर. आतला दाब त्या उंचीच्या वर चढला की तेवढंच जास्तीचं पाणी बाहेर येतं. नळकांडं जास्त वर गेलं तर पाणी आतच अडतं. खाली आलं तर नको इतकं ओढून घेतं, मेंदू आक्रसतो, कवटीपासून सुटतो, आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या शिरा तुटू शकतात. एवढा मोठा माणूस, आणि त्याचं सगळं दोन-चार सेंटीमीटरवर येऊन ठेपलेलं.

हे ऐकल्यावर माझी छाती उगाच फुगली. पातळी म्हणजे माझा प्रांत. मी तिला आमची लेव्हलची नळी दाखवली. प्लास्टिकची आरपार दिसणारी लांब नळी, आत पाणी. एक टोक या भिंतीशी, दुसरं त्या भिंतीशी धरलं की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं. मध्ये दार येवो, खांब येवो, पाणी खोटं बोलत नाही. “फक्त आत बुडबुडा राहता कामा नये,” मी म्हटलं. “बुडबुडा राहिला की नळी बिनधास्त थापा मारते.” तिनं मान डोलावली. तिचं असं आहे, कौतुक करत नाही, पण ऐकलेलं विसरत नाही.

वॉर्डात ती या पातळीच्या हात धुऊन मागे लागली. पेशंटची खाट वरखाली करायची असेल तर आधी नळीवरची चिमटी बंद करून पाणी थांबवायचं, मग खाट, मग पुन्हा पातळी, मग चिमटी उघडायची. कुणी नातेवाईक प्रेमानं उशी उंच करायला गेला की ही तिथे हजर. “काका, हात लावायचा नाही. तुम्ही उशी उचललीत की त्यांचं डोकं रिकामं होईल.” काका हात मागे घेऊन स्वतःचंच डोकं चाचपून बघायचे. घरीही तेच. भिंतीवरची चौकट तसूभर कलली की जेवणावरून उठून सरळ करणार. एकदा भांडणात मी तोंडाला येईल ते बोललो, तर म्हणते कशी, “पातळी सोडू नका. मी दिवसभर तीच सांभाळून आलेय.”

आता तिच्या लाल पट्टीची गोष्ट. नव्या सिस्टर उंचीनं लहानमोठ्या. एक खाली वाकून बघणार, एक उभ्या उभ्या. प्रत्येकीचं शून्य वेगळं यायचं. यावर तिनं तोड काढली. खाटेची उंची ठरलेली, पाठीचा कल ठरलेला. मग त्या मापानं प्रत्येक स्टँडच्या दांड्यावर लाल चिकटपट्टी लावून टाकली. नळकांड्याच्या मापाचं शून्य त्या पट्टीवर आणायचं की झालं. तिनं महिनाभर रोज स्वतः कानाशी डोळा लावून पडताळा घेतला. पट्टी एकदाही चुकली नाही. मग सगळ्या पट्टीवर विसंबल्या, आणि मुख्य म्हणजे तीही विसंबली. मेट्रन बाईंनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. वॉर्डाच्या इनचार्जची जागा त्याच वर्षी रिकामी होणार होती. ती जागा हिलाच, हे भिंतींनासुद्धा माहीत होतं. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं.

त्याच सुमाराला हॉस्पिटलच्या फरश्या बदलायचं काम निघालं आणि ते आमच्या ठेकेदाराला मिळालं. वॉर्डाला लागून एक बाजूची खोली होती. तिथे फिनेलचं पाणी साचून राहायचं. ती मी मुद्दाम मागून घेतली. दारापासून खिडकीखालच्या जाळीपर्यंत असा उतार दिला की बादलीभर पाणी ओता, हूं की चूं न करता जाळीत जाईल. बघायला गेलं तर उतार दिसत नाही. कारागिरी ती हीच. चार दिवस मी घरी दुसरं काही बोललो नाही. ती म्हणाली, “कळलं हो, पाणी उताराकडे जातं.” मी म्हटलं, “जात नाही, न्यावं लागतं.”

त्या खोलीतला पहिला पेशंट म्हणजे सलूनवाले काका. दुकानात गिऱ्हाइकाची दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नळी टाकली, तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, आणि पहिलं वाक्य काय, तर “अर्धंच डोकं कोणी भादरलं? भादरायचं होतं तर सगळं तरी भादरायचं. माझ्या धंद्याची अब्रू घालवली!” सगळा वॉर्ड हसला. काकू म्हणजे त्यांची बायको, अबोल बाई, सतत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली, तीही हसली. पाचव्या दिवशी दुपारी काकांना बाजूच्या खोलीत हलवलं. हलवताना माझी बायको स्वतः हजर होती. चिमटी बंद, खाट दारालगतच्या भिंतीला, स्टँड खिडकीच्या बाजूला, शून्य लाल पट्टीवर, चिमटी उघडली. सगळं रीतसर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली तेव्हा काका कण्हत होते. डोकं फुटतंय म्हणत होते, दोनदा ओकले होते आणि विनोद बंद. डॉक्टरांना वाटलं, नळीतून जंतू गेले असतील. पाणी तपासायला पाठवलं. मग वाटलं, पुन्हा रक्तस्राव झाला असेल, म्हणून स्कॅन झाला. रक्त नव्हतं, पण मेंदूतल्या पोकळ्या मिटत आल्या होत्या. बायकोनं तासातासाचा कागद काढला. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तासाला दहा मिलिलिटर पाणी येत होतं. खोली बदलल्यापासून अठरा, वीस, बावीस.

मी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर काम करत होतो. फोन वाजला.

“अहो, त्या बाजूच्या खोलीला उतार किती दिलाय?”

आता मला काय ठाऊक! मला वाटलं, कुणीतरी मोठ्या साहेबांनी कौतुकानं विचारलंय. मी कुकर फुगावा तसा फुगलो. म्हटलं, “दारापासून जाळीपर्यंत चार इंच! एवढा उतार अख्ख्या हॉस्पिटलात कुठे नाही. सांग त्यांना, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही!”

 ती एवढंच म्हणाली, “तसेच खाली या,” आणि फोन ठेवला.

मी पोचेपर्यंत तिनं नळीची चिमटी बंद केली होती आणि डॉक्टरांना बोलावलं होतं. तरुण डॉक्टर होते, चेहऱ्यावर झोप. तिनं माझ्या हातातली लेव्हलची नळी दारातच अडवली, सिमेंटनं माखलेली ती. सलाइनची नवी कोरी नळी फोडून तिच्यात पाणी भरलं होतं. मी दाराबाहेरून म्हटलं, “टिचक्या मार, बुडबुडा काढ.” तिनं टिचक्या मारून बुडबुडा काढला. एक टोक काकांच्या कानाशी, दुसरं स्टँडशी. पाणी थांबलं. लाल पट्टी त्या पाण्याच्या चांगली दोन बोटं खाली होती. खाट उंचावर, स्टँड उतारावर, आणि पट्टी बिचारी आपल्या जागी इमानेइतबारे बसलेली. दहा सेंटीमीटर म्हणून टांगलेलं नळकांडं खरं तर सहावरच होतं. माझा उतार आणि तिची पट्टी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. 

डॉक्टरांनी नळकांडं वर घ्यायला सांगितलं, नवीन माप लिहून दिलं. मग आमच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “सिस्टर, वेळेत लक्षात आलं. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं असतं तर काय झालं असतं, मी सांगू शकत नाही. मी नोंद करतो, हलवताना स्टँड सरकला म्हणून.”

“स्टँड सरकला नव्हता,” ती म्हणाली.

“अहो पण तसं लिहिलं तर कुणालाच...”

“डॉक्टर, स्टँड मी ठेवला तिथेच होता.”

त्यांनी मला खूण केली, समजवा म्हणून. मी तिला जिन्याशी नेलं आणि जे बोललो ते आजही मला टोचतं. म्हटलं, “अगं, वेडी आहेस का? माणूस वाचला ना? पुढच्या आठवड्यात तुझी मुलाखत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोलीतला स्टँड आपण दुसऱ्या बाजूला ठेवू. विषय संपला.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिच्या ओळखीचा नाही. “तुमची मूठ झाकलेली राहील,” ती म्हणाली. “पण पट्ट्या बारा स्टँडवर आहेत. उद्या कुणी पेशंटला स्कॅनला नेईल, तिथली जमीन कशी आहे कुणाला ठाऊक? सगळ्या माझ्या पट्टीवर भरवसा ठेवून उभ्या आहेत. मी तोंड बंद ठेवलं तर त्यांना कळणार कसं, की कान सोडून दांड्याकडे बघायचं नाही?”

मी म्हटलं, “आणि इनचार्ज?”

“इनचार्ज झाले तर काय सांगू? पातळी सांभाळा म्हणून?”

 

तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. ‘पट्टीची पद्धत माझी. नव्या खोलीत कानाच्या पातळीशी पडताळा मी घेतला नाही. चूक माझी.’ तीन वाक्यं, खाली सही. मग बाराही स्टँडवरच्या पट्ट्या नखांनी खरवडून काढल्या. महिन्याभराची मेहनत, कचऱ्याच्या डब्यात लाल भेंडोळं होऊन पडली. मेट्रन बाईंनी बोलावून विचारलं, “फरशीचा दोष होता असं लिहायला हवं होतंत ना?” ही म्हणाली, “फरशी पाण्यासाठी केलीय, ती आपलं काम चोख करतेय. काम माझं चुकलं.” इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कामाला तिनं दिलेली ही पहिली शाबासकी, आणि तीही मला दुसऱ्याकडून कळली.

सगळ्यांत अवघड राहिलं होतं ते काकूंना सांगणं. ते कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं. काकूंना बाकावर बसवलं, शेजारी बसली आणि सरळ सांगितलं. कालपासून काकांचं डोकं दुखलं ते आजारानं नाही, माझ्या चुकीनं. पाणी जास्त वाहून गेलं. आता थांबवलंय. काकूंनी ऐकून घेतलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि उठून आत निघून गेल्या.  दोन दिवस हिनं “काकू, चहा घेतलात?” विचारावं आणि त्यांनी भिंतीकडे बघावं. घरी चौकट वाकडी झाली होती, तीही हिनं सरळ केली नाही. मी रात्री उठून केली. मला तिची एवढी काळजी कधी वाटली नव्हती.

मुलाखत झाली. जागा दुसरीला मिळाली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी चिडून म्हणालो, तर हिनं मला दटावलं. “चांगली मुलगी आहे. हुशार आहे. तिला त्रास होईल असं काही बोलायचं नाही.” मी बोललो नाही. पण एकटा असताना भरपूर बोललो.

काकांचं डोकं दुखायचं थांबलं, ओकणं थांबलं, चौथ्या दिवशी ते पुन्हा अर्ध्या डोक्याबद्दल तक्रार करू लागले. पण आतली वाट काही मोकळी होईना. नळी बंद करून बघितलं की दाब चढायचा. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, कायमची सोय करायची. डोक्यातून कातडीखालून बारीक नळी थेट पोटात सोडायची, मध्ये दाब मोजून उघडणारी झडप. पाणी पोटात जाईल आणि तिथे जिरेल. ऑपरेशन व्हायला आणखी दोन दिवस होते. तोवर डोक्याची ही नळी जपायची होती, तासातासाला.

नव्या इनचार्जनं भल्या मनानं विचार केला की त्या पेशंटकडे दुसरी सिस्टर द्यावी. नातेवाइकांना संकोच नको. ती काकूंना सांगायला गेली. माझी बायको तिथेच औषधांच्या ट्रॉलीपाशी पाठमोरी उभी होती. मी दुपारचा तिचा डबा घेऊन आलो होतो, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

“काकू, उद्यापासून तुमच्याकडे दुसऱ्या सिस्टर येतील. काळजी करू नका, अगदी चांगल्या आहेत.”

काकू म्हणाल्या, “का?”

“म्हणजे... मागे ते झालं ना, त्यामुळे.”

काकू उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज वॉर्डात कुणी धड ऐकला नव्हता.

“मला दुसरी नको. मला त्याच पाहिजेत.”

“पण काकू, चूक त्यांच्याकडूनच...”

“हो ना. त्यांची चूक मला माहीत आहे. त्यांनीच सांगितली. बाकीच्यांनी काय काय लपवलंय ते मला कुठे ठाऊक आहे?”

 माझी बायको वळली नाही. ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून उभी राहिली. मग तिनं हात धुतले, खोलीत गेली, काकांच्या उशाशी खाली गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या कानाच्या रेषेत डोळा आणून मोठ्यानं उंचीचा आकडा म्हणाली, काकूंना ऐकू जाईल असा.